क्लाउडवॉचचा अलार्म हिरवा, पण रात्रीचा जॉब चाललाच नाही

पंचगंगा

नमस्कार मंडळी. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, सर्व्हर एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमध्ये आहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवायला तिथलंच क्लाउडवॉच वापरतो. शाखा बंद झाल्या की रात्री डे-एंड चालतं: व्याज आकारणी, रोजकीर्द जुळवणं आणि शेवटी बॅकअप. हे चालवणारी पायथन स्क्रिप्ट कुठे अडखळली तर ती बोटो३ च्या (पायथनमधून एडब्ल्यूएसशी बोलायच्या पॅकेजच्या) ‘पुट मेट्रिक डेटा’ने ‘डेएंड-फेल्युअर’ या मेट्रिकमध्ये, म्हणजे क्लाउडवॉचमधल्या आकड्यांच्या मालिकेत, १ पाठवते. त्यावर अलार्म लावलाय: ५ मिनिटांची बेरीज १ किंवा जास्त झाली की एसएनएस या निरोप पाठवणाऱ्या सेवेमार्फत ईमेल.

मागच्या आठवड्यात एका रात्री सर्व्हरची डिस्क भरली आणि स्क्रिप्ट सुरूच झाली नाही. मेट्रिक गेलं नाही, अलार्म रात्रभर हिरवा. सकाळी शाखेत पासबुकं छापायला घेतली तेव्हा व्याज पडलेलं नाही हे कळलं, आणि तोवर खातेदार रांगेत उभे होते.

मला हे सगळं आता कोडमधून बांधायचं आहे. नवीन संस्था जोडली की तिच्या शाखांचे अलार्म आपोआप तयार व्हायला हवेत, कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) क्लिक करत बसणं परवडणारं नाही. अडलंय ते असं. न चाललेला जॉब पकडायचा कसा? डिस्कवर अलार्म लावायला गेले तर ते मेट्रिकच यादीत सापडत नाही. मेट्रिकचे आकडे वाचणारं ‘गेट मेट्रिक स्टॅटिस्टिक्स’ लॅपटॉपवरून चालवलं तर रिकामी यादी येते, सर्व्हरवर मात्र तोच कोड नीट चालतो. आणि अलार्म वाजला की टीमच्या चॅट ग्रुपवर मजकूर जायला हवा आहे.

वाटाड्या

ताई, त्या अलार्मला ‘ट्रीट मिसिंग डेटा’ काय दिलंय?

पंचगंगा

‘नॉट ब्रीचिंग’. सुरुवातीला काहीच दिलेलं नव्हतं, तेव्हा अलार्म दिवसभर राखाडी, ‘इन्सफिशियंट डेटा’. डॅशबोर्डवर राखाडी नको असं मीटिंगमध्ये ठरलं आणि ते बदललं गेलं.

रात्रपाळी

मग सगळा उलगडा तिथेच झाला. जरा सविस्तर लिहितो, कारण हे एक सेटिंग समजलं की क्लाउडवॉचचं अर्धं कोडं सुटतं, आणि बहुतेक ठिकाणी ते विचार न करता तसंच सोडलेलं असतं.

अलार्मच्या अवस्था तीनच: ओके (हिरवा), अलार्म (लाल) आणि इन्सफिशियंट डेटा (राखाडी). एखाद्या पीरियडमध्ये, म्हणजे मोजणीच्या एका कालखंडात, मेट्रिकचा एकही आकडा आला नाही तर त्या रिकाम्या जागेचं काय करायचं, हे तुम्ही ‘ट्रीट मिसिंग डेटा’मधून सांगता. पर्याय चार. ‘मिसिंग’ हा डिफॉल्ट: पाहिलेल्या संपूर्ण काळात एकही आकडा नसेल तर अलार्म राखाडी होतो. ‘इग्नोर’: आहे ती अवस्था तशीच राहते. ‘नॉट ब्रीचिंग’: आकडा नाही म्हणजे सगळं ठीक. ‘ब्रीचिंग’: आकडा नाही म्हणजेच बिघाड. तुमच्या अलार्मला सांगून ठेवलंय की शांतता म्हणजे ठीक, त्यामुळे मेलेला जॉब आणि व्यवस्थित चाललेला जॉब त्याला सारखेच दिसतात.

पण ‘नॉट ब्रीचिंग’ काढून ‘ब्रीचिंग’ टाकू नका! फेल्युअरचं मेट्रिक चांगल्या रात्री येतच नाही, त्यामुळे तो अलार्म कायमचा लाल होईल. इथे प्रश्न दोन आहेत आणि त्यांना अलार्मही दोन हवेत. ‘काही बिघडलं का?’ याला आत्ताचा अलार्म योग्य आहे, तो राहू द्या. ‘काम पूर्ण झालं का?’ हे विचारायला नवीन मेट्रिक लागेल. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी, बॅकअप तपासून झाल्यावर, ‘डेएंड-पूर्ण’ = १ पाठवा. त्यावरच्या अलार्मची अट बेरीज १ पेक्षा कमी, आणि ‘ट्रीट मिसिंग डेटा’ ‘ब्रीचिंग’. हे मेट्रिक आलं नाही की आपण काळजी करायची.

आता पीरियड. लोक इथे ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, आणि इव्हॅल्युएशन पीरियड (असे किती पीरियड तपासायचे) १ ठेवतात. काल जॉब ११ ला संपला आणि आज महिनाअखेर म्हणून साडेबाराला, तर मध्ये विनाकारण अलार्म वाजू शकतो. मी पीरियड ३६०० सेकंद ठेवतो, इव्हॅल्युएशन पीरियड्स २६ आणि ‘डेटापॉइंट्स टू अलार्म’ही २६. म्हणजे सलग २६ तास एकदाही १ आला नाही, तरच लाल. जॉब दोन तास इकडेतिकडे झाला तरी चालतं. पीरियड एक तास किंवा त्याहून मोठा असेल तर एकूण खिडकी ७ दिवसांपर्यंत नेता येते. पीरियड तासापेक्षा लहान असेल तर मर्यादा एका दिवसाची आहे, म्हणून हा हिशोब ५ मिनिटांच्या पीरियडने जमणार नाही.

क्लाउडवॉच ठरवलेल्या पीरियड्सपेक्षा थोडे जास्त मागचे आकडेही पाहतं आणि खरा आकडा सापडला तर रिकाम्या जागेपेक्षा त्याला मान देतं. त्यामुळे अलार्म अगदी २६ तासांच्या ठोक्याला वाजेल असं धरू नका, थोडा उशीर होतो. शाखा उघडण्याआधी कळायलाच हवं असेल तर २६ चा आकडा खाली आणा, पण महिनाअखेरचा सर्वात लांबलेला जॉब डोळ्यांपुढे ठेवून.

दोन व्यवहारातल्या गोष्टी. अलार्म तयार करण्याआधी त्या मेट्रिकमध्ये एक आकडा पाठवून ठेवा, नाहीतर जन्मतःच तो लाल होईल आणि सगळ्यांना मेल जातील. आणि सुट्टीच्या दिवशी डे-एंड नसलं तरी स्क्रिप्ट उठली पाहिजे आणि ‘आज काम नाही’ असं बघून तिने १ पाठवला पाहिजे. सुट्ट्यांची यादी अलार्मच्या कोडमध्ये ठेवायला गेलात तर दिवाळीत हमखास गोंधळ होणार.

शनिवारपेठ

रात्रपाळी यांच्या उत्तराला एक पुरवणी. डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसच्या मेट्रिकवर अलार्म असेल तर ‘ट्रीट मिसिंग डेटा’ काहीही लिहा, तिथे रिकाम्या जागा नेहमी ‘इग्नोर’ होतात. कागदपत्रांत हे एका ओळीत आहे, सहज निसटतं.

डिस्कचं उत्तर: ईसी२ (एडब्ल्यूएसचा भाड्याचा सर्व्हर) स्वतःहून सीपीयू, नेटवर्क, स्टेटस चेक असं बाहेरून दिसणारंच मोजून देतं. मेमरी आणि डिस्क किती भरली हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतलं आहे, त्यासाठी मशीनवर क्लाउडवॉच एजंट हा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. मग ‘सीडब्ल्यूएजंट’ या नेमस्पेसमध्ये (मेट्रिक्सच्या गटात) डिस्कचं मेट्रिक दिसायला लागेल. तिथे डायमेन्शन्स, म्हणजे मेट्रिक कशाचं ते सांगणारी लेबलं, बरीच असतात: इन्स्टन्स आयडी, पाथ, डिव्हाइस, फाइलसिस्टिमचा प्रकार. अलार्ममध्ये ती सगळीच्या सगळी तंतोतंत द्यावी लागतात. एक जरी राहिलं तरी क्लाउडवॉचच्या लेखी ते वेगळंच मेट्रिक, आणि तसं मेट्रिक अस्तित्वातच नसल्यामुळे अलार्म राखाडी. चुकीच्या डायमेन्शनवर अलार्म करताना एररसुद्धा येत नाही, हे मला फार घातक वाटतं. म्हणून कोडमध्ये आधी ‘लिस्ट मेट्रिक्स’ बोलवा, तिथून आलेली डायमेन्शन्स जशीच्या तशी अलार्म बनवणाऱ्या ‘पुट मेट्रिक अलार्म’ला द्या. हाताने टाइप करू नका.

निळीशाई

लॅपटॉपवरच्या रिकाम्या यादीबद्दल: कोडमध्ये डेटटाइमचं साधं ‘नाऊ’ वापरलंय का, टाइमझोन न देता?

पंचगंगा

हो. एंडटाइम ‘नाऊ’, स्टार्टटाइम त्याआधी तीन तास.

निळीशाई

मग तेच आहे. क्लाउडवॉच सगळा हिशोब यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे म्हणून तिथे आकडे बरोबर येतात. लॅपटॉपवरची वेळ भारतीय, साडेपाच तास पुढची. तेच आकडे यूटीसी समजून गेले की तुम्ही भविष्यातले तीन तास मागता, आणि भविष्यात डेटा नसतो. पाठवतानाही हेच होऊ शकतं: ‘पुट मेट्रिक डेटा’ दोन तासांपेक्षा पुढचा आणि दोन आठवड्यांपेक्षा मागचा टाइमस्टॅम्प घेत नाही. उपाय एकच, डेटटाइम तयार करतानाच त्याला टाइमझोन यूटीसी द्या. ‘यूटीसीनाऊ’ वापरू नका, त्याला टाइमझोन चिकटलेला नसतो आणि पायथन ३.१२ पासून तो बाद ठरवलेला आहे.

‘गेट मेट्रिक स्टॅटिस्टिक्स’मधून येणारे आकडे वेळेच्या क्रमाने असतीलच असं नाही. शेवटचा आकडा ताजा म्हणून उचलू नका, टाइमस्टॅम्पवर सॉर्ट करून घ्या. एका कॉलला १४४० आकड्यांची मर्यादा आहे. बऱ्याच शाखांचं एकदम वाचायचं असेल तर ‘गेट मेट्रिक डेटा’ घ्या, त्यात एका विनंतीत ५०० मेट्रिक्स मागता येतात.

जुना डेटाही हवा तेवढा बारीक मिळत नाही. एक मिनिटाचे आकडे १५ दिवस राहतात, ५ मिनिटांचे ६३ दिवस, तासाचे ४५५ दिवस. ऑडिटला मागच्या तिमाहीतली अमुक रात्र मिनिटामिनिटाने दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही. ज्यांना लागतं त्यांनी स्वतः एस३ या एडब्ल्यूएसच्या साठवण सेवेत साठवावं.

वाटाड्या

शाखानिहाय अलार्म म्हणजे शाखेचा कोड डायमेन्शन म्हणून जाणार. खर्चाचं कसं?

रात्रपाळी

शाखेला हरकत नाही. डायमेन्शनच्या प्रत्येक वेगळ्या जोडणीचं एक वेगळं कस्टम (आपण स्वतः पाठवलेलं) मेट्रिक धरलं जातं. पहिल्या टप्प्यात दर मेट्रिकला महिन्याला ०.३० डॉलर, पण आकारणी तासाच्या हिशोबाने आणि ज्या तासात डेटा पाठवला त्याचीच. रात्री एकदाच १ पाठवणाऱ्या मेट्रिकचा खर्च त्यामुळे नगण्य. साधा अलार्म महिन्याला ०.१० डॉलर, १० मेट्रिक्स आणि १० अलार्म मोफत. ४० शाखांना एकेक अलार्म धरला तर अलार्मचा खर्च ४ डॉलरच्या आत बसतो.

खातेक्रमांक, मोबाइल नंबर किंवा व्यवहार क्रमांक डायमेन्शनमध्ये कधीही टाकू नका. प्रत्येक खात्याचं एक मेट्रिक होईल आणि बिल कुठल्याकुठे जाईल. शिवाय खातेदाराची माहिती मॉनिटरिंगमध्ये जायचं काहीच कारण नाही, तिथे प्रवेश असलेली माणसं वेगळी असतात. ते तपशील लॉगमध्ये, तेही झाकून.

आणि शाखांचे आकडे पाठवले म्हणजे संस्थेची बेरीज आपोआप मिळेल असं नाही. कस्टम मेट्रिकमध्ये क्लाउडवॉच डायमेन्शन ओलांडून बेरीज करत नाही. संस्थेचा एकत्र आकडा अलार्मसाठी हवा असेल तर तो वेगळा पाठवा. एका ‘पुट मेट्रिक डेटा’ कॉलमध्ये हजारापर्यंत मेट्रिक्स मावतात, दर शाखेला वेगळा कॉल करायची गरज नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो, हेच काम करतो. एक वेगळा मुद्दा मांडतो: ज्याच्यावर पहारा सोपवलाय तोच आजारी पडला तर?

२५ नोव्हेंबर २०२० ला, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, एडब्ल्यूएसच्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये कायनेसिस ही डेटा वाहून नेणारी सेवा कोलमडली. एडब्ल्यूएसने नंतर दिलेल्या अहवालात कारण स्पष्ट आहे: पुढच्या फळीत नवीन सर्व्हर घातले, तिथला प्रत्येक सर्व्हर बाकी प्रत्येकाशी बोलायला एक थ्रेड (समांतर चालणारं काम) उघडतो, आणि त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमची थ्रेडची मर्यादा ओलांडली गेली. क्लाउडवॉचचे मेट्रिक्स आणि लॉग्ज आतून कायनेसिसवरच चालतात, त्यामुळे ‘पुट मेट्रिक डेटा’ अडलं आणि अलार्म इन्सफिशियंट डेटामध्ये गेले. इव्हेंटब्रिज या घडामोडी पुढे पोचवणाऱ्या सेवेलाही फटका बसला. ग्राहकांना कळवायचं जे स्टेटसचं पान, ते अद्ययावत करायचं नेहमीचं साधन कॉग्निटो या लॉगिन सेवेवर अवलंबून होतं आणि कॉग्निटोही अडचणीत होतं, म्हणून तिथेही उशीर झाला.

यातून माझं ठाम मत असं झालंय की ‘इन्सफिशियंट डेटा’ या अवस्थेलाही ॲक्शन (मेलसारखी कृती) लावायलाच हवी. ‘पुट मेट्रिक अलार्म’मध्ये त्यासाठी वेगळं पॅरामीटर आहे, लोक ते रिकामं सोडतात. ज्या अलार्मवर ‘मिसिंग’ ठेवलंय तिथे राखाडी होणं हीच एकमेव खूण असते. आणि पतसंस्थेच्या डे-एंडसारख्या कामाला एक तपासणी पूर्णपणे बाहेरची ठेवा: दुसऱ्या कुठल्या यंत्रणेवर सकाळी सहाला एक छोटी स्क्रिप्ट, जी बॅकअपची फाइल खरंच आहे का आणि तिची तारीख आजची आहे का एवढंच बघेल.

शनिवारपेठ

सहमत. फक्त राखाडीची ॲक्शन सरसकट सगळ्या अलार्मवर नको. डेव्हलपमेंटचे सर्व्हर रात्री बंद करतो आम्ही, तिथे रोज मेल येतील आणि मग माणसं मेल वाचणंच सोडतात.

पंचगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. टाइमझोनचं सुटलं, एजंटही बसवला. आता चॅट ग्रुपवर मजकूर पाठवायचं राहिलंय. इव्हेंटब्रिज रूल आणि त्याने चालवायची लॅम्डा (एडब्ल्यूएसवर गरजेपुरतं चालणारं छोटं फंक्शन) बोटो३ मधून तयार केलं, दोन्ही कन्सोलवर दिसतात, अलार्म लाल होतो, पण लॅम्डा चालतच नाही. लॉगही नाही.

निळीशाई

रूलला लॅम्डा चालवायची परवानगी दिली का? कन्सोलवरून टार्गेट जोडलं की ती परवानगी आपोआप लागते. एसडीकेमधून, म्हणजे बोटो३ सारख्या पॅकेजमधून, जोडलं की लागत नाही. ‘पुट रूल’, ‘पुट टार्गेट्स’ आणि तिसरं लॅम्डा क्लायंटचं ‘ॲड परमिशन’, ज्यात प्रिन्सिपल म्हणून इव्हेंट्स सेवा आणि सोर्स एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) म्हणून तुमचा रूल. हे तिसरं राहिलं की काहीच होत नाही आणि लॅम्डाच्या लॉगमध्येही काही उमटत नाही, कारण लॅम्डापर्यंत कोणी पोचलेलंच नसतं. रूलचं ‘फेल्ड इन्व्होकेशन्स’ मेट्रिक बघा, तिथे आकडे चढलेले दिसतील.

पॅटर्नमध्ये सोर्स ‘एडब्ल्यूएस.क्लाउडवॉच’ आणि डिटेल-टाइप ‘क्लाउडवॉच अलार्म स्टेट चेंज’ ठेवा, आणि डिटेलमध्ये नवीन अवस्था फक्त ‘अलार्म’ अशी गाळणी लावा. नाहीतर हिरवं झाल्याचाही मजकूर ग्रुपवर जाईल. मला स्वतःला तो हवा असतो, रात्री दोनला उठलेल्या माणसाला ‘सुटलं’ हे कळायला हवं. पण ते तुमच्या टीमने ठरवायचं.

‘पुट टार्गेट्स’ आणि (कोडमधून इव्हेंट पाठवणारं) ‘पुट इव्हेंट्स’ दोन्हींच्या उत्तरात ‘फेल्ड एंट्री काउंट’ येतो, तो प्रत्येक वेळी तपासा. आतल्या काही एंट्री नाकारल्या गेल्या तरी कॉल यशस्वी म्हणूनच परत येतो, एक्सेप्शन पडत नाही. ट्राय-एक्सेप्टवर विसंबून राहिलात तर इव्हेंट हरवेल आणि पत्ताही लागणार नाही. ‘पुट इव्हेंट्स’मध्ये एका वेळी १० एंट्रीच जातात, त्यामुळे मोठी यादी तुकडे करून पाठवा.

वाटाड्या

डे-एंडची वेळही इव्हेंटब्रिज रूलच्या क्रॉनवर (वेळापत्रकावर) असेल तर ते क्रॉन यूटीसीत असतं हे लक्षात ठेवा. रात्री ११ म्हणजे १७:३०. मध्यरात्र ओलांडली की वारही बदलतो: मंगळवारी पहाटे साडेबारा हवं असेल तर सोमवार १९:०० लिहावं लागतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या इव्हेंटब्रिज शेड्युलरमध्ये टाइमझोन देता येतो, ‘एशिया/कोलकाता’ लिहा आणि भारतीय वेळ टाका. नवीन काम असेल तर तेच घ्या.

शनिवारपेठ

एक प्रश्न विचारतोच. हे सगळं टेराफॉर्ममध्ये (सर्व्हरसारखी रचना फाइलमध्ये लिहून उभारायच्या साधनात) का नाही? अलार्म ही पायाभूत गोष्ट आहे, तिचा इतिहास गिटमध्ये राहिला पाहिजे.

रात्रपाळी

सर्व्हर, डिस्क, डेटाबेस यांचे अलार्म टेराफॉर्ममध्येच असावेत, त्यात वाद नाही. पण ताईंच्या शाखा सॉफ्टवेअरमधून वाढतात. संस्थेचा व्यवस्थापक नवीन शाखा उघडतो, त्याच क्षणी तिचा अलार्म तयार व्हायला हवा. तिथे एसडीके बरोबर आहे, मात्र शिस्त हवी. ‘पुट मेट्रिक अलार्म’ त्याच नावाचा अलार्म असेल तर त्याची पूर्ण रचना बदलून टाकतं, भर घालत नाही. कन्सोलवर कोणी ओके ॲक्शन जोडली असेल आणि तुमच्या कोडमध्ये ती नसेल, तर पुढच्या वेळी ती उडाली. म्हणून सगळी पॅरामीटर्स एकाच फंक्शनमधून, नाव ठरलेल्या साच्यात: संस्था, शाखा, काय मोजतोय. अलार्मचं नाव नंतर बदलता येत नाही.

शाखा बंद झाली की अलार्म काढणारा कोडही आजच लिहा. ते फंक्शन अलार्मची यादी वाचेल तेव्हा पेजिनेटर (यादी पानापानाने पूर्ण वाचणारा) वापरा, कारण ‘डिस्क्राइब अलार्म्स’ एका वेळी जास्तीत जास्त १०० देतं. प्रकार सांगितला नाहीत तर कंपोझिट (इतर अलार्मवरून ठरणारे) अलार्म यादीत येतच नाहीत. आणि यादी फक्त त्या क्लायंटच्या रीजनची असते. बिलाचा अलार्म मुंबईत शोधू नका, एस्टिमेटेड चार्जेसचं मेट्रिक उत्तर व्हर्जिनियातच असतं.

पंचगंगा

‘ॲड परमिशन’च राहिलं होतं, आता मजकूर येतोय. चाचणीसाठी ‘सेट अलार्म स्टेट’ पुरेसं आहे का? आणि संचालकांना एसएमएस हवा आहे.

निळीशाई

‘सेट अलार्म स्टेट’ने अवस्था तात्पुरती बदलते, पुढच्या तपासणीत पुन्हा खरी होते. एसएनएस, रूल, लॅम्डा इथपर्यंतचा रस्ता त्याने तपासून होतो. मेट्रिक येतंय का आणि अट बरोबर आहे का, हे मात्र होत नाही. त्यासाठी एक खोटी शाखा तयार करा, तिला एकदा १ पाठवा आणि पुढे काहीच पाठवू नका. लाल व्हायला एक दिवसाहून जास्त लागेल, पण तुमचा खरा प्रसंग तोच आहे.

मेल आला नाही तर ‘डिस्क्राइब अलार्म हिस्टरी’ बघा, ॲक्शन फसली असेल तर तिथे कारण लिहिलेलं असतं. एसएनएस टॉपिकला एडब्ल्यूएसची डिफॉल्ट एन्क्रिप्शन की लावलेली असेल तर क्लाउडवॉचला त्यावर लिहिता येत नाही. केएमएस या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेत स्वतःची की करून तिच्या पॉलिसीत क्लाउडवॉचला परवानगी द्यावी लागते. बँकिंगमध्ये सगळं एन्क्रिप्ट ठेवायचा नियम असतो, त्यामुळे तुमच्याकडे हे येण्याची शक्यता जास्त.

एसएमएसचं: भारतात स्थानिक मार्गाने संदेश पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी लागते, संस्थेचा एंटिटी आयडी आणि मंजूर मजकुराचा टेम्प्लेट आयडी. अलार्म थेट एसएनएसला जोडला तर हे दोन आयडी देण्याची सोय नाही, आणि अलार्मचा तो लांबलचक मजकूर कुठल्या टेम्प्लेटमध्ये बसणारही नाही. तुमची लॅम्डा आता चालतेच आहे. तिच्यातूनच संस्थेचं नाव, शाखा आणि वेळ एवढं घेऊन मंजूर टेम्प्लेटचा मजकूर तयार करा आणि दोन्ही आयडी लावून एसएनएसच्या ‘पब्लिश’ने पाठवा. टेम्प्लेट मराठीत मंजूर करून घेणार असाल तर तो युनिकोड म्हणून जातो आणि एका संदेशात ७० च अक्षरं मावतात, काना-मात्रा वेगळे मोजून. मजकूर आधी मोजून घ्या, मग नोंदणीला द्या.